सांध्यावर थांबणारी गाडी

नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं कापड न् कापड धुतात. पडदे, गोधड्या, उशांचे अभ्रे, देवाखालचं वस्त्र, सगळं. यंदाही धुतलं. पाऊस उघडल्यावर भिवंडीत असं ऊन पडतं की गच्चीवर टाकलेली गोधडी दोन तासांत कडक होते, आणि तिसऱ्या तासाला आजूबाजूच्या कारखान्यांतली रुई तिच्यावर येऊन बसते. झटका परत! पावसाळ्यात ही रुई ओली होऊन गटारात जाते, मग आश्विन आला की उडायला लागते. नाकात, डाळीत, देवाच्या दिव्यात. मी साठी ओलांडली, पण या रुईशी माझं भांडण काही मिटलं नाही. दोन नवरात्रं मी एक चादर मात्र धुवायची टाळली होती. तळमजल्यावरच्या खोलीतल्या मोठ्या फळीवर पसरलेली निळी चादर. यंदा ती ओढली.

चादरीखाली आमच्या ह्यांची रेल्वे आहे.

रेल्वे म्हणजे खेळण्यातली, असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. 'खेळना न्हाय गो हे,' ते म्हणाले, 'मॉडेल हाय.' पडघ्याकडच्या एका गोदामात गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल ढिगाने विकायला काढतात. फुटके मिक्सर, एका पायाचे बूट, काय वाटेल ते. तिथून हे एक खोकं घेऊन आले. आत वीतभर इंजिन, चार डबे, आणि वाकलेल्या रुळांचा ढीग. पस्तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, दुरुस्ती करणारा जॉबर म्हणून काढलेला माणूस, बिघडलेला लूम आवाजावरून ओळखणारा. छाती भरून यायला लागली तेव्हा डॉक्टरांनी कारखाना बंद करायला लावला. घरचे चार लूम होते, ते भंगारवाल्याने तोडून नेले. त्या रिकाम्या जागेत यांनी फळी टाकली आणि फळीवर रूळ.

कशेळीला माझं माहेर. कशेळीला रेल्वे नाही, खोकं आलं त्या पडघ्यालाही नाही. म्हणून यांच्या रेल्वेत ही दोनच स्टेशनं होती. पुठ्ठ्याच्या पिवळ्या पाट्या, त्यांच्याच हातच्या काळ्या अक्षरांत, आणि 'पडघा'मधला 'घ' चुकलेला. अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलेल्या बाईच्या घरात असा 'घ'! मी दुरुस्त करायला गेले तर पाटी हातातून काढून घेतली. 'स्टेशन मास्तर मी हाय. तू शालेत मास्तरीण.'

गाडी गोल फिरायची तोवर सगळं ठीक. घोटाळा सांध्यांवर. एक रूळ फुटून दोन वाटा होतात ती जागा म्हणजे सांधा, आणि असे पाच सांधे यांनी बसवले होते. तिसऱ्या सांध्यावरून फाटा कशेळीला जायचा. गाडीला वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. सांध्यात दोन बारीक पाती असतात, इकडून तिकडे सरकणारी. त्या पात्यांत वीज येते ती फक्त शेजारच्या रुळाला टेकल्यामुळे. नुसती टेकून! मध्ये रुईचा एक तंतू आला, जरासा काळेपणा धरला, की टेकलेलं पातंही मेलेलं. इंजिन तिथे येतं आणि गपकन थांबतं. मग बोटाने ढकलायचं. ढकललं की पुन्हा जातं, जणू काही झालंच नाही.

'टेकून मिळालेल्या विजेवर भरोसा ठेवायचा न्हाय,' हे म्हणायचे. त्यांचा उपाय असा होता की रुळापासून पात्यापर्यंत केसाएवढी तार खालून सोल्डर करून टाकायची. मग पातं टेको न टेको, वीज तारेतून येणारच. जवळच सलीमभाईंचं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळण्यात त्यांचा जन्म गेला. यांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांनीच ती तार दिली, आणि तो बारीक टोकाचा सोल्डरिंगचा दांडा. दुपारभर खोलीत राळ जळल्याचा वास. मी वरून ओरडायची, आधीच छातीचं दुखणं आणि त्यात हा धूर! खालून उत्तर यायचं, 'झाला गो, येक टाका ऱ्हायला.' एक टाका, एक टाका करता तीन सांधे झाले. दोन राहिले.

ते दोन राहिले ते राहिलेच, कारण त्या पावसाळ्यात त्यांची छाती आणखी बिघडली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. जिना चढवेना म्हणून पलंग खाली, त्या फळीच्या शेजारी आणला. नळी नाकाला, हातात गाडीचं बटण. पलंगावरून गाडी चालवायची. पलंगापासून फळीचं लांबचं टोक सहा पावलं, पण तेवढीही त्यांना जमत नव्हती. गाडी शेवटच्या दोन सांध्यांपैकी एकावर अडली की हाक यायची, 'सुमन!'

आणि मी यायची. भाकरी अर्धी तव्यावर टाकून यायची. एका बोटाने इंजिन ढकलायचं आणि परत जायचं. पुन्हा 'सुमन!' दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. माझी जीभ तिखट आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. एका दुपारी ओल्या बोंबलांचं कालवण लागलं, जळलं, आणि मी तशीच डाव घेऊन खाली आले आणि म्हणाले, 'तुमच्या गाडीला धक्का द्यायला मी काय हमाल आहे?'

त्यांनी मान खाली घातली. 'न्हाय गो. ऱ्हाऊ दे.'

त्यानंतर हाक आली नाही. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी दुपारी पाण्याचा तांब्या द्यायला खाली गेले. गाडी सांध्यावर उभी होती, बटणावरचा दिवा लुकलुकत होता, आणि हे बटण हातात धरून तिच्याकडे नुसते बघत बसले होते. 'कधीपासून थांबलीय?' मी विचारलं. 'झाला असेल तासभर,' ते म्हणाले. हाक मारायची नाही म्हणून एक तास.

 त्या माणसाचं मागणं तरी केवढं होतं! कोणाचा हात न लागता गाडीने एक फेरी पुरी करावी. कोणाला हाक मारायला लागू नये. नळीला बांधलेल्या माणसाची एवढीच एक गोष्ट स्वतःची होती, आणि तिच्यासाठीही त्याला माझं तोंड बघावं लागत होतं.

मी ठरवलं, आपणच काहीतरी करायचं. गुपचूप.

माझं माहेर लूमचं, सासर लूमचं. लूमच्या घरातल्या पोरीला चालायला येतं तेव्हाच तेलाची कुपी हातात येते. लांब चोचीची ती पत्र्याची कुपी, बूड दाबलं की टुक्कन आवाज करून एक थेंब टाकणारी. अडलं, तेल घाल. करकरलं, तेल घाल. आमच्या बापाने यापलीकडे दुसरं इंजिनिअरिंग कधी केलं नाही आणि लूम चाळीस वर्षं चालवले. खंडेनवमीला तर विचारूच नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुसायची, तेलाने चकचकीत करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. लूम गेले होते, पण पाने होते, पकडी होत्या, हातोडा होता. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सगळं मांडलं. हे दुपारचे झोपले होते. मी कुपी घेऊन फळीपाशी गेले. पाच सांधे, प्रत्येक पात्यावर टुक्, टुक्. थेंब पसरला तसा फडक्याने पुढे रुळांवरही चोळला. इंजिनाच्या चाकांना लावलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! हात जोडून म्हणालेसुद्धा, बाई, उद्या नीट चाल.

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. वीज वाहायची जागा आणि लूमवर धोटा सरकायची जागा यांत फरक असतो, हे चौथीच्या पोराला शिकवलेल्या मास्तरणीला सुचलं नाही. तेलाचा थर म्हणजे विजेला आडकाठी. आणि आमच्या हवेत तेल उघडं राहिलं की रात्रीतून त्यावर रुई बसून त्याचा लगदा होतो.

दसऱ्याला सकाळी त्यांनी आंघोळ करून नवा सदरा घातला. इंजिनावरचं कुंकू बघून हसले. 'आज कशेलीला नेतो तुला. माहेराला सोना देऊन ये.' बटण दाबलं. गाडी हातभर गेली आणि पहिल्या सांध्यावर थांबली. तारेवाल्या, त्यांनी स्वतः पक्क्या केलेल्या सांध्यावर. मी ढकललं. दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्यावर थांबली. जिथे ती वर्षभर अडली नव्हती त्या तिन्ही जागी अडली. त्यांनी पुन्हा पुन्हा बटण फिरवलं. कपाळाला घाम आला.

'टाकं सुटलं वाटतं,' ते म्हणाले.

दुपारी मला स्क्रू काढून दुसरा सांधा पलंगावर आणायला लावला. दांडा तापवायला लावला. मांडीवर पाट घेऊन टाका उखडला आणि नवा मारायला बसले. बोटं थरथरत होती. आधीच्या टाक्यांच्या वेळी ती थरथरत नव्हती. मी पाट धरून बसले होते, राळेच्या वासाखाली तेलाचा वास दबून गेला होता, आणि मी बघत होते की दांड्याचं टोक प्लास्टिकवर टेकतंय, प्लास्टिक वितळतंय, नंतर त्यांच्याच अंगठ्यावर टेकलं आणि चर्र झालं. त्यांनी 'आई गो' म्हटलं नाही. टाका पुरा केला. सांधा परत बसवायला लावला. गाडी आली आणि तिथेच थांबली.

त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. 'ठेव हे आता. माझा हात गेला.'

ज्यांनी कारागिराबरोबर संसार केला आहे त्यांना सांगायला नको. छाती गेली तेव्हा हे रडले नव्हते. लूम तोडून नेले तेव्हा गच्चीवर जाऊन विडी ओढली, बस. पण त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडले आणि त्यांची पाठ हलत होती. शेवटी म्हणाले, 'चादर घाल त्याच्यावर. परत नाव नको काढू.' मी निळी चादर घातली.

दोन दिवसांनी सलीमभाई भेटायला आले. हे झोपले होते. सलीमभाईंनी चादरीचं टोक उचलून रुळावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मला खुणेने बाहेर ओट्यावर बोलावलं.

'भाभी, हे तेल कुणी टाकला?'

'मी.'

'या अल्ला.' ते हसले, बिचारे चांगल्या मनाने हसले. 'भाभी, करंटला तेल नाय चालत. कुछ बिगडा नहीं है. पेट्रोलचा बोळा फिरवतो, पाच मिनिट. फर्स्ट क्लास चलेगी.'

आणि मी म्हणाले, 'आत्ता नको. आधी मी त्यांना सांगते, मग या.'

का म्हणाले? तीन वर्षं मी हेच विचारते आहे. साफ केलं असतं तर गाडी चालली असती. चालली असती तर त्यांनी विचारलं असतं, अचानक कशी चालली? मग मला सांगावं लागलं असतं की तुमचा टाका पक्का होता, घाण मी केली, तुम्ही अंगठा भाजून घेतलात तेव्हा मी पाट धरून शेजारी बसले होते. पाट धरताना मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ओट्यावरून आत येताना ठाऊक होतं. उंबऱ्यापाशी पाय थांबले. वाटलं, आज त्यांचा श्वास जड आहे, उद्या सांगू. उद्या नर्स येणार होती. परवा मुलीचा नाशिकहून फोन आला आणि ते जरा खुशीत होते, म्हटलं कशाला त्यावर पाणी ओतायचं. सांगायला चांगला दिवस शोधत मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मधल्या दिवसांत मी त्यांना साबुदाण्याची पेज केली, पाय चेपले, कधी नव्हे ते गोड बोलले. ते एकदा म्हणालेही, 'काय गो, हल्ली भांडत न्हाईस? मरतो की काय मी?' मी डोळे पुसत हसले आणि तेव्हाही सांगितलं नाही.

दिवाळीला लूम बंद होतात. कामगार गावाकडे जातात, आणि भिवंडीत असा सन्नाटा पसरतो की नव्या माणसाला भीती वाटेल. आयुष्यभर कानात असलेली खटखट एकदम थांबते. लक्ष्मीपूजनाला दिवे लावून मी खाली आले. फटाके थांबले होते मधेच. ते उताणे पडून ऐकत होते.

'किती गप हाय गो,' ते म्हणाले. 'आज गाडी चालली असती तं नीट आयकाया आली असती.'

शब्द ओठांवर होता. देवाशपथ, ओठांवर होता. मी म्हणाले, 'फराळाचं आणू का थोडं?'

पाडव्याला त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथे सलीमभाईंना त्यांनी जवळ बोलावलं. 'ती रेल्वे कुणाला तरी देऊन टाका. पन चालत न्हाय म्हनून सांगून द्या. फसवू नका कुणाला.' सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले.

लोक म्हणतात, शेवटी काय, माणूस जातो आणि लहानसहान गोष्टी विरून जातात. विरत नाहीत. मोठ्याच विरतात. त्यांचं दुखणं, दवाखान्यातले दिवस, दहावा, तेरावा, सगळं आता धुक्यात आहे. लख्ख आठवतो तो भाजलेला अंगठा. तो बरा होत आला होता, हे मी त्यांना शेवटची आंघोळ घालताना पाहिलं.

परवा चादर ओढली, धुतली, वाळत घातली आणि सलीमभाईंना निरोप पाठवला. ते आता काठी घेऊन चालतात. येताना बोळा, पेट्रोलची बाटली आणि तो मीटर घेऊन आले, ज्याची दोन टोकं लावली आणि मधली तार अखंड असली की पीं वाजतं. दोघांनी मिळून दुपारभर रूळ पुसले. काळा, चिकट, कुंकवाने तांबूस झालेला लगदा बोळ्यावर येत होता. इंजिनाची चाकं काडीने साफ केली. राहिलेल्या दोन सांध्यांना सलीमभाईंनी तार लावली. एक टाका मला मारायला लावला. चांगला नाही आला, पण धरला.

मग त्यांनी फळी तिरकी करून यांचे तीन सांधे मीटरने तपासले. पहिला. पीं. तिसरा. पीं. आणि मग दुसरा, थरथरत्या हाताने मारलेला, वितळलेल्या प्लास्टिकमधला तो वाकडातिकडा टाका. सलीमभाईंनी टोक लावलं. पीं. त्यांनी टाका नखाने ओढून बघितला. तो हलला नाही.

'क्या हाथ था,' ते म्हणाले.

गाडी सोडली. पडघा गेलं, कशेळी आलं, पाचही सांध्यांवरून ती सुरळीत निघून गेली आणि कोणाचं बोट न लागता जिथून सुटली तिथे परत आली. दुसऱ्या फेरीला निघाली. शुक्रवारची सुट्टी होती, लूम बंद होते, त्यामुळे चाकांचा बारीक आवाज नीट ऐकू येत होता. सलीमभाई खुर्चीत टेकले.

'भाभी, यशवंतभाईला शेवटी तरी सांगितलं ना तुम्ही? तेलामुळे झाला म्हणून? मी दवाखान्यात विचारणार होतो, पण म्हटलं, मी गेल्यावर बोलले असतील तुम्ही. सुकून मिला होगा उनको.'

'नाही,' मी म्हणाले. 'नाही सांगितलं.'

सलीमभाई उठले. मीटरच्या तारा गुंडाळल्या, खिशात टाकल्या. मी चहा टाकते म्हणाले, तर हात हलवून नको म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. मी गाडी बंद केली नाही. ती फिरत राहिली आणि मी यांच्या पलंगाच्या कडेला बसून ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. 'तेल मी घातलं होतं, तुमचा हात चांगला आहे.' म्हणायला एका श्वासाएवढाही वेळ लागत नाही. माझ्याकडे एकवीस दिवस होते.